कोकणातून ज्वालामुखी ऐकायचा तर: इन्फ्रासाऊंड केंद्र उभारण्याचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

दर काही आठवड्यांनी कुणीतरी मला मोबाइलवर एक आलेख पाठवतं. मध्यरात्रीची एक मोठी उसळी, तिच्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली प्रश्न: "दादा, हा अंदमानातल्या बॅरन आयलंड ज्वालामुखीचा स्फोट का हो?" मी उलट विचारतो, सेन्सर कुठे ठेवलाय? बहुतेक वेळा उत्तर येतं, "गच्चीवर." मग पुढे बोलण्यासारखं फार काही उरत नाही. ती उसळी वाऱ्याची असते, नाहीतर पाण्याच्या टाकीच्या हलणाऱ्या झाकणाची.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख गुजरात-राजस्थानवरून दिल्लीच्या आकाशापर्यंत आली. तेव्हापासून हे प्रश्न वाढलेत. सेन्सर आता घरपोच मिळतो. पण लोक सुरुवातच सेन्सरपासून करतात आणि जागा, वारा, घड्याळ या गोष्टी नंतर आठवतात. म्हणून हा क्रम लिहून काढला. क्रम मोडू नका, यातले पहिले तीन टप्पे सेन्सर बागेत नेण्याआधीचे आहेत.

विषय दोन वाक्यांत सांगतो. ज्वालामुखीच्या स्फोटाची बरीचशी ताकद २० हर्ट्झच्या खालच्या, कानाला न कळणाऱ्या आवाजात, म्हणजे इन्फ्रासाऊंडमध्ये जाते. हा आवाज हवेत फार कमी शोषला जातो, त्यामुळे तो हजारो किलोमीटर पोचतो. इटलीत एटनाजवळ असे सेन्सर मांडून स्फोटाचा आपोआप इशारा दिला जातो, पण ती विवरापासून काही किलोमीटरवरची गोष्ट झाली. कोकणात बसून आपण इशारा देत नाही. फार लांबून, फार अंधूक ऐकतो. ही अपेक्षा आधीच खाली आणलेली बरी.

## १. सेन्सर मागवण्याआधी कागदावर हिशेब

एका पानावर तीन रकाने आखा: अंतर, दिशा, पोचायला लागणारा वेळ. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंशांत मोजायची. लांबचा आवाज वर जाऊन, साधारण ५० किलोमीटर उंचीवरून वळून परत खाली येतो. वाट वाकडी असल्यामुळे जमिनीवरच्या अंतराने मोजलं तर त्याचा वेग सेकंदाला २८० ते ३१० मीटर धरावा. रत्नागिरी शहर धरून आकडे असे येतात:

- बॅरन आयलंड (अंदमान): सुमारे २,२७० किमी, दिशा १००°, वेळ दोन ते सव्वादोन तास.
- अनाक क्राकाटाऊ (इंडोनेशिया): सुमारे ४,३७० किमी, दिशा १२३°, वेळ चार तासांच्या आसपास.
- हायली गुब्बी (इथिओपिया): सुमारे ३,५०० किमी, दिशा २६८°, वेळ सव्वातीन तासांच्या आसपास.
- हुंगा टोंगा (प्रशांत महासागर): सुमारे १२,८०० किमी, दिशा १०५°.

वेंगुर्ल्याला किंवा दापोलीला बसणाऱ्यांचे आकडे थोडे वेगळे येतील, स्वतःचे काढा. पण ही यादी नीट पाहा. रत्नागिरीहून बॅरन १००° वर आणि टोंगा १०५° वर! घरगुती मांडणीला पाच अंशांचा फरक धड कळत नाही. वाटेतला वरच्या थरांतला वारा दिशा आणखी काही अंश सरकवतो. म्हणजे "पूर्वेकडून आला" एवढ्यावरून ज्वालामुखीचं नाव सांगता येत नाही, वेळ जुळावी लागते. शिवाय त्याच पूर्वेला सह्याद्री आहे आणि त्यावर गडगडणारे वळवाचे ढग आहेत.

हायली गुब्बीची अडचण उलटी. तो बरोबर पश्चिमेला, म्हणजे जिथून समुद्राचा सगळा गोंगाट येतो त्याच दिशेला.

टोंगाची गोष्ट निराळी. १५ जानेवारी २०२२ च्या त्या स्फोटाने हवेची एक प्रचंड लाट जमिनीलगत जगभर फिरवली. ती सेकंदाला सुमारे ३१५ मीटर वेगाने जाते. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी पावणेदहाच्या सुमारास निघालेली लाट या हिशेबाने कोकणात रात्री नऊच्या आसपास येते. पण एवढ्या संथ, काही मिनिटांच्या लाटेला इन्फ्रासाऊंड सेन्सर बहिरा असू शकतो. तिच्यासाठी साधा बॅरोमीटर लागतो. म्हणून शे-दोनशे रुपयांची बॅरोमीटर चिप शेजारी लावून सेकंदाला एक नोंद घेत राहा. ती दहा वर्षांत एकदाच कामाला येईल, पण त्या दिवशी दुसरं काही चालणार नाही.

ऋतूचाही हिशेब इथेच करा. वरच्या थरांतला वारा साधारणपणे उन्हाळ्या-पावसाळ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलट. आवाज वाऱ्याबरोबर चांगला येतो. म्हणजे अंदमान-इंडोनेशियाचं दार उघडतं ते नेमकं जून ते ऑगस्टमध्ये, जेव्हा आपल्याकडे खाली जमिनीवर मान्सूनचा वारा सगळं बुडवून टाकतो. यावर इलाज नाही. फक्त माहीत असावं, म्हणजे जुलैत काही दिसलं नाही म्हणून सेन्सरला दोष देणार नाही.

## २. जागा: सडा नको, आगर नको, बाग हवी

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. मोबाइल टॉवरसाठी उंच आणि मोकळी जागा लागते, म्हणून लोक सेन्सरसाठीही सडा (कातळाचं उघडं पठार) गाठतात. या आवाजाला समोरची मोकळी दिशा लागत नाही. एक हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेतीनशे मीटर. तो टेकडी, झाडं, घर यांना वळसा घालून आरामात येतो. सड्यावर मिळतो तो फक्त वारा.

दुसरं टोक म्हणजे किनाऱ्यालगतचं आगर (नारळी-पोफळीची बाग) किंवा सुरूचं बन. तिथे वारा थोडा कमी असतो, पण फुटणाऱ्या लाटा स्वतःच काही हर्ट्झचा आवाज करतात, म्हणजे बरोबर ज्वालामुखीच्या पट्ट्यात. त्यात नारळ पडला तर तीही एक "घटना".

हवी ती जागा अशी: किनाऱ्यापासून तीन-चार किलोमीटर तरी आत, दाट आंबा-काजूची बाग किंवा राईसारखी जुनी झाडी, तळाकडचा उतार, भोवती गडगा (दगडी कुंपण) असेल तर उत्तम. हमरस्ता आणि रेल्वेचा बोगदा जितका लांब तितका बरा. झाडाच्या खोडाला काही बांधायचं नाही, खोड हलतं. मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) भिंतीलाही नाही. सगळं जमिनीवर.

तपासणी: जागा ठरवण्याआधी तिथे तीन वेळा जा: दुपारी दोनला, दिवेलागणीला आणि पहाटे चारला. काठीला सुती दोरा बांधून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरा. पहाटे मतलई वारा मंद असताना दोरा जवळजवळ लोंबकळत राहिला पाहिजे. तेव्हाही तो आडवा होत असेल तर जागा बदला. दुपारी तो हलणारच, दुपारच्या नोंदींवर आपला फार भरवसा नाहीच.

## ३. सेन्सरची परीक्षा घरातच

मांडणीसाठी सारखे चार सेन्सर घ्या. तयार मिळणारा रास्पबेरी बूमसारखा संच घ्या किंवा डिफरन्शियल प्रेशर सेन्सर (दोन तोंडांमधल्या दाबाचा फरक मोजणारा) घेऊन घरी जोडा, तत्त्व एकच. सेन्सरच्या एका तोंडाला बाहेरची हवा, दुसऱ्या तोंडाला बंद डबा, आणि त्या डब्याला एक अतिशय बारीक गळती. हवामानाचा संथ दाब गळतीतून दोन्हीकडे सारखा होतो, भराभर बदलणारा तेवढा दिसतो.

अ) उचलून पाहणे. सेन्सर जमिनीवर ठेवा, नोंद स्थिर होऊ द्या आणि मग एका झटक्यात बरोबर एक मीटर उंच स्टुलावर ठेवा. एवढ्या उंचीने हवेचा दाब सुमारे ११.५ पास्कलने कमी होतो. आलेख तेवढाच खाली जायला हवा. वर गेला तर नळ्या उलट्या जोडल्यात. ५ पास्कलच दाखवला तर गुणक (सेन्सरचा आकडा पास्कलमध्ये बदलणारा) चुकलाय. आता तसाच राहू द्या: आलेख हळूहळू शून्याकडे परतेल. उसळी ३७ टक्क्यांवर यायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. दहा ते वीस सेकंद आले तर छान. एक-दोन सेकंदांतच परतला तर गळती जास्त आहे आणि समुद्राचा संथ गुंजारव तुम्हाला नीट दिसणार नाही. (तो का दिसायला हवा, हे सातव्या टप्प्यात.)

स्टूल आणि मोजपट्टी एवढ्यावर दाब, जोडणी आणि गळती या तिन्ही गोष्टी कळतात, तरी ही परीक्षा कुणी करत नाही. दोन वर्षं उलट्या जोडणीवर चाललेलं केंद्र मी पाहिलंय. ते माझंच होतं.

आ) तोंड बंद करणे. रात्री, तापमान स्थिर असताना, बाहेरच्या हवेचं तोंड घट्ट बुजवा आणि तासभर नोंद घ्या. आता जे दिसतं तो विजेच्या जोडणीचा स्वतःचा गोंगाट. लांबचा ज्वालामुखी पास्कलच्या शंभराव्या-दहाव्या भागाएवढा असतो. तुमचा स्वतःचा गोंगाटच तेवढा असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

इ) चौघांना एकत्र ठेवणे. चारही सेन्सर पडवीत एकमेकांना चिकटून दोन दिवस ठेवा. चारही आलेख एकमेकांवर ठेवले तर एकच रेघ दिसली पाहिजे. एखादा लहान-मोठा दिसला तर त्याचा गुणक सुधारा, मागे-पुढे दिसला तर घड्याळ. पंखा बंद ठेवा. मिनिटाला ३०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा १५ हर्ट्झवर एक सरळ रेघ काढतो. आणि दार उघडलं की प्रत्येक वेळी मोठा ठोका दिसेल, तो "स्फोट" नव्हे.

सावधान: हे तिन्ही कागदावर तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी शंका येईल तेव्हा तुलनेला हेच आकडे लागतात.

## ४. वारा गाळणे

वारा आणि आवाज यांतला फरक समजला की हा टप्पा सोपा होतो. एक हर्ट्झचा आवाज साडेतीनशे मीटरभर एकसारखा असतो. वाऱ्याचा भोवरा लहान असतो: सेकंदाला दोन मीटर वेगाचा वारा एक हर्ट्झचा गोंगाट करतो तेव्हा तो भोवरा अंदाजे दोन मीटरांचा. म्हणून एकाच जागची हवा न घेता दहा-पंधरा मीटरभर पसरलेल्या अनेक भोकांतून घेतली तर आवाज सगळीकडून एकाच वेळी येऊन भर घालतो आणि भोवरे एकमेकांना खोडतात.

प्रत्येक सेन्सरला चार नळ्या, प्रत्येकी दहा मीटर, अधिक चिन्हासारख्या पसरून. रबराची सर्वांगातून पाझरणारी नळी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर ठिबकची १६ मिलिमीटर जाडीची साधी लॅटरल घ्या (ड्रिपर नसलेली) आणि फूट-फूट अंतरावर सुईने बारीक भोकं पाडा. टोकं बंद करा. चारही नळ्यांची लांबी सारखी हवी. "इकडे जागा नव्हती म्हणून सहा मीटर" चालत नाही.

नळ्या बांधावर लटकवायच्या नाहीत. पालापाचोळ्याखाली, पण मातीत न पुरता. वरून हिरवी शेडनेट पसरली तर आणखी फायदा. नळी घसरू नये म्हणून जांभ्याचे तुकडे ठेवा, भोकांवर मात्र नको.

शेजारच्या काकी पहिल्या दिवशी हे सगळं बघून म्हणाल्या, "ह्या नळयेतसून पाणी येणा नाय, मगे घातलंस कित्याक?" प्रश्न रास्त होता. जूनमध्ये त्याच नळ्यांत पाणी आलं आणि चारपैकी तीन सेन्सर बहिरे झाले. म्हणून नळी नेहमी सेन्सरकडून बाहेर उतरती ठेवा आणि सगळ्यात खालच्या जागी तळाला एक मोठं भोक ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

सावधान: ही गाळणी ०.१ हर्ट्झच्या खाली फारशी चालत नाही, कारण त्या गोंगाटाचे भोवरे वीस-तीस मीटरांचे असतात. नळी लांब करत जाऊन तो प्रश्न सुटत नाही, उलट वरचे हर्ट्झ हरवायला लागतात.

## ५. चौघांची मांडणी आणि घड्याळ

एका सेन्सरला दिशा कळत नाही. तीन लागतात, चौथा असला की एक बंद पडला तरी काम चालतं. साधारण ८० मीटर बाजूचा त्रिकोण आणि मधोमध चौथा. ८० मीटर ओलांडायला आवाजाला जेमतेम ०.२३ सेकंद लागतात. दिशेची सगळी माहिती त्या पाव सेकंदात आहे.

आता घड्याळाचं बघा. मोबाइल इंटरनेटवरून मिळणारी वेळ सहज ५० मिलिसेकंदांनी चुकू शकते. तेवढ्यात आवाज १७ मीटर जातो, म्हणजे दिशेत दहा-बारा अंशांची चूक. बॅरन आणि क्राकाटाऊमधला निम्मा फरक तिथेच संपला. त्यामुळे प्रत्येक सेन्सरला जीपीएसचं घड्याळ, नाहीतर चारही सेन्सरच्या वायरी एकाच नोंदयंत्रात. बागेत पानांच्या दाट छताखाली जीपीएस रुसतो. अँटेना बांबूवर उंच बांधा, वायर मात्र घट्ट गुंडाळा.

जागा मोजताना मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश वापरू नका, त्यात चार-पाच मीटरांची चूक असते. लांब फीत घेऊन सहाही अंतरं मोजा (चार बिंदूंमध्ये सहा अंतरं होतात). मग उपग्रह-नकाशावर ठळक दिसणाऱ्या दोन गोष्टी, समजा मांगराचा कोपरा आणि विहीर, यांच्याशी ती जोडा. नुसत्या होकायंत्रावर जाऊ नका. आपल्या जांभ्यात आणि खालच्या काळ्या दगडात लोह असतं, सुई फसते.

तपासणी: प्रत्येक सेन्सरवर ऑइलपेंटने क्रमांक लिहा आणि तोच क्रमांक फाइलच्या नावात आहे ना ते एकेका सेन्सरजवळ टाळी वाजवून पाहा. दोन आणि तीनची अदलाबदल झाली तर दिशा आरशात पाहिल्यासारखी उलटते, आणि आकडे मात्र अगदी विश्वासार्ह दिसतात. नंतर अर्धा-एक किलोमीटरवर, ठाऊक असलेल्या दिशेला, कुणाला तरी सुतळी बॉम्ब लावायला सांगा. निघालेली दिशा पाच अंशांच्या आत जुळली तर पुढे.

## ६. लाइट, पाऊस, किडे

हा भाग भराभर. लहान संगणक आणि राउटर मिळून चार वॅट धरले तर दिवसाला सुमारे १०० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून आठ अँपिअर-तास. पावसाळ्यात सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, म्हणून नुसत्या सौर पॅनेलवर राहू नका. घरचा लाइट आणि तीन दिवस पुरेल एवढी बॅटरी असं ठेवा. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नाही, तेव्हा ५० अँपिअर-तासांची घ्या. विजा सुरू झाल्या की घरातून येणारी वायर काढा.

डबा सावलीत, आतून थर्माकोल, झाकणाला रबराची घट्ट पट्टी. ऊन थेट पडलं तर सकाळी नऊ वाजता, झाडाच्या फटीतून किरण आला की रोज एक सुंदर "संकेत" मिळतो. पट्टीला व्हॅसलीन लावा, खारी हवा स्क्रू खाते.

किडे मात्र हलक्यात घेऊ नका. कुंभारीण नावाची माशी मातीने भोकं लिंपून टाकते, आणि आठवड्यात नळी आंधळी होते. मुंग्या डब्यात अंडी घालतात. नळीच्या तोंडाला स्टीलची बारीक जाळी, डब्याच्या पायांना ग्रीस, आणि दर पंधरा दिवसांनी एक फेरी. फेरीला जाताना काठी आपटत जा. पाचोळ्याखालची थंड नळी फुरश्यालाही आवडते.

## ७. पहिला महिना: फक्त गोंगाटाची वही

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. महिनाभर ज्वालामुखी शोधायचा नाही. एक वही घालायची आणि आपल्या जागेचा रोजचा गोंगाट ओळखायचा.

पहिली ओळख समुद्राची. खोल समुद्रात समोरासमोर येणाऱ्या लाटा ०.२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाचेक सेकंदांचा, अखंड गुंजारव करतात. शांत पहाटे वर्णपटात (कोणत्या हर्ट्झवर किती आवाज, त्या आलेखात) तिथे एक स्पष्ट उंचवटा दिसला पाहिजे. तो त्रास आहेच, पण तीच तुमची रोजची फुकट चाचणी. उंचवटा दिसत असेल तर सेन्सर, नळ्या, गळती सगळं ठीक. वारा नसतानाही तो नाहीसा झाला तर नळीत पाणी किंवा माती. चारपैकी एकातच नसेल तर कुठे जायचं तेही कळलं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज वहीत लिहा, उंचवटा समुद्र खवळण्याबरोबर वर-खाली होताना दिसेल.

मग बाकीचे:

- कोकण रेल्वे. गाडी बोगद्यात शिरताना हवा ढकलते. करबुड्यासारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याच्या आसपास राहत असाल तर वेळापत्रक वहीत चिकटवा. दिशा नेहमी तीच, ही तिची खूण. हीच गाडी पुढे दिशा तपासायला उपयोगी पडते.
- काळ्या दगडाच्या क्वारीतले सुरुंग. ठरलेली वेळ, आखूड, तीक्ष्ण ठोका. (चिऱ्याच्या खाणीत मशीनने कापतात, तिथे ठोका नसतो, घरघर असते.)
- गडगडाट. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप उघडून विजा कुठे पडल्या ते बघा.
- कोयनेचे धक्के. जमीनच हलते, त्यामुळे चारही सेन्सरवर जवळजवळ एकाच क्षणी दिसतात. हवेतला आवाज असा कधीच येत नाही. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत वेळ जुळवा.
- दिवाळी, शिमगा, लग्नसराई. त्या रात्री सरळ सोडून द्या.

सावधान: वेळ नेहमी आंतरराष्ट्रीय वेळेत, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून लिहा. शेजारी हवी तर भारतीय वेळ लिहा. हे साडेपाच तास एकदा वजा करण्याऐवजी जोडले की अकरा तासांचा घोळ होतो, आणि तेवढ्या वेळात जगात कुठे ना कुठे एखादा ज्वालामुखी फुटलेला सापडतोच.

## ८. शोध: आधी गाळा, मग जुळवा

नोंदी पाहायला स्वॉर्म आणि गणिताला पायथॉनमधलं ऑबस्पाय, दोन्ही मोफत. क्रम असा:

पहिल्यांदा ०.५ ते ५ हर्ट्झचा पट्टा ठेवून बाकी काढून टाका. समुद्राचा ०.२ चा गुंजारव गेल्याशिवाय खालचं काही दिसत नाही. मग तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर अर्धा चढलेला, आणि प्रत्येक तुकड्यात चारही सेन्सर किती जुळतात ते काढा. जुळणीतून दोन आकडे मिळतात: दिशा, आणि मांडणीवरून संकेत किती वेगाने सरकला.

हा वेग पहारेकऱ्यासारखा आहे. ३४० ते ४५० मीटर प्रतिसेकंद असेल तर हवेतला आवाज (वरून तिरका आल्यामुळे तो साध्या ३४८ पेक्षा जास्त दिसू शकतो). पाच-दहा मीटर असेल तर वाऱ्याची झुळूक बागेतून चालत गेली. काही हजार असेल तर भूकंप.

आता सगळ्यांत नेहमीची चूक. लोक तीक्ष्ण, उंच उसळी शोधतात, कारण स्फोट म्हटला की धडाम. दोन हजार किलोमीटर आलेला आवाज वेगवेगळ्या वाटांनी, मागे-पुढे पोचतो. तो पसरतो. नुसत्या आलेखात तो बहुधा दिसतच नाही. दिसते ती जुळणी: पाच, दहा, वीस मिनिटं दिशा एकाच जागी चिकटून, वेग ठीक, हळूहळू चढून हळूहळू उतरणारी. एका तुकड्यातली भारी जुळणी कामाची नाही, तीच दिशा सलग दहा तुकड्यांत टिकली तर बघण्यासारखं आहे.

## ९. "ज्वालामुखी" हा शब्द लिहिण्याआधी

आलेल्या वेळेतून प्रवासाचा वेळ वजा करा. समजा पहाटे ४:१० ला १०२° वरून काही आलं. बॅरनसाठी सव्वादोन ते दोन तास मागे जा: १:५५ ते २:१०. आता डार्विनच्या ज्वालामुखी-राख सल्लागार केंद्राचे इशारे उघडा, बॅरन आणि इंडोनेशिया दोन्ही तिथे येतात. आफ्रिकेसाठी तुलूझचं केंद्र. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचा ज्वालामुखींचा साप्ताहिक अहवाल थोडा उशिरा येतो, पण थांबा. त्या वेळेत काही नोंद नसेल तर तुमचा संकेत ज्वालामुखीचा नाही, निदान तसं म्हणायचा आधार नाही.

मग उलट बाजूने तपासा: त्या १०२ अंशांच्या रेघेवर त्या वेळी घाटावर विजा होत्या का? आदल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हेच आलं होतं का? आलं असेल तर ती गाडी किंवा गिरणी.

वहीत तीनच शिक्के ठेवा: "ओळखलं", "कदाचित", "माहीत नाही". माझ्या वहीत "माहीत नाही" सगळ्यांत जास्त आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. हे शिक्के व्हॉट्सॲपवर इशारा म्हणून फिरवू नका. बॅरनचा आवाज इथे यायला दोन तास लागतात, आणि त्सुनामीचा अधिकृत इशारा देण्याचं काम इन्कॉइसचं आहे.

मला आलेख पाठवायचा झाला तर सोबत एवढं पाठवा: चारही सेन्सरच्या मूळ फाइली (स्क्रीनशॉट नको), आंतरराष्ट्रीय वेळ, त्या तासाचा वारा, सेन्सरची फितीने मोजलेली अंतरं, उचलून पाहण्याच्या परीक्षेचे आकडे आणि वहीची आदल्या-नंतरच्या दिवसांची पानं. आणि सेन्सर अजून गच्चीवर असेल, तर पाठवण्याआधी तो खाली उतरवा.